प्रवाशाचे दर्शन आणि रहिवाशाचे दैवत

एखादे स्थळ पवित्र मानले जाते तेव्हा ते पावित्र्य त्या स्थळाच्या ठायी असते की त्याच्याशी बांधलेल्या माणसांच्या नात्यात, हा प्रश्न तीर्थयात्रेइतकाच जुना आहे. मात्र तो बहुधा यात्रेकरूच्या बाजूने विचारला गेला, तिथे राहणाऱ्याच्या बाजूने क्वचितच. पावित्र्य स्थळातच असेल, तर ते सौंदर्याप्रमाणे कोणाही डोळस प्रवाशाला गवसायला हरकत नाही. ते नात्यात असेल, तर दुरून आलेल्याला डोंगर, नदी आणि झाड दिसेल, पण ज्यामुळे ती पूज्य ठरली ते दिसणार नाही. गडचिरोली जिल्ह्यात इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले भामरागड आणि निसर्ग पाहण्यालाच साधनेचा दर्जा देणारा चीन, यांना या प्रश्नासाठी एकत्र आणणे ओढूनताणून केल्यासारखे वाटू शकते. परंतु या दोहोंची गाठ सातव्या शतकातच, निदान काठाकाठाने, पडलेली आहे.

ह्युएनत्संग हा चिनी बौद्ध भिक्षू कलिंगाहून डोंगर-अरण्यांतून कोसल देशात, म्हणजे आजच्या अभ्यासकांच्या भाषेत दक्षिण कोसलात, आला आणि तिथून दक्षिणेकडे मोठे अरण्य ओलांडून आंध्रात उतरला, असे त्याच्या 646 साली सिद्ध झालेल्या प्रवासवृत्तावरून दिसते. त्या कोसलाची राजधानी कोणती, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला: कनिंगहॅमने सुचवलेल्या स्थळांत चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, होते, फर्ग्युसनने वैरागड आणि भांदक यांचा विचार करून वैरागडला झुकते माप दिले, पुढे छत्तीसगडातील सिरपूरचा पक्ष बळावला. राजधानी कोणतीही धरली, तरी तिथून आंध्राकडे जाणारी वाट इंद्रावती-गोदावरीच्या अरण्यपट्ट्यातून किंवा त्याच्या कडेने जाणार, एवढे भूगोल सांगतो. या देशात सुमारे शंभर विहार, दहा हजारांच्या आतले भिक्षू आणि सत्तरेक देवमंदिरे असल्याची नोंद ह्युएनत्संगाने केली, नागार्जुन आणि सातवाहन राजा यांची कथा विस्ताराने सांगितली, लोकांच्या अंगलटीबद्दल आणि स्वभावाबद्दलही तो एकदोन शब्द बोलला. पण विहारही नाही आणि मंदिरही नाही अशा अरण्यातल्या दैवतांना त्याच्या मोजदादीत जागा मिळाली नाही. याला अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो बुद्धाच्या खुणा शोधत आला होता आणि 657 ग्रंथ घेऊन 645 साली परतला. यात्रेकरूची नजर आपल्या तीर्थांसाठी तयार झालेली असते आणि तीच तयारी तिला इतरांच्या तीर्थांपुरती अधू करते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

ह्युएनत्संगाच्या मायदेशात मात्र याच्या आधीपासूनच पाहण्याचे एक वेगळे तत्त्वज्ञान आकार घेत होते. 'शानश्वेइ', म्हणजे डोंगर आणि पाणी मिळून होणारे निसर्गचित्र, यावर लिहिणाऱ्या आरंभीच्या विचारवंतांपैकी झोंग बिंग (375–443) हा स्वतः बौद्ध उपासक होता. डोंगर-पाण्याला जड आकार असूनही ते चित्ताला सूक्ष्माकडे ओढून नेतात, आणि म्हणून मन निवळवून त्यांच्याकडे पाहणे ही ताओकडे, म्हणजे विश्वाच्या मूळ क्रमाकडे, जाण्याची वाट आहे, अशी त्याची मांडणी होती. म्हातारपणी आजाराने फिरणे थांबले तेव्हा त्याने पाहिलेले डोंगर खोलीच्या भिंतींवर रंगवले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांत प्रवास केला, असे त्याच्याविषयी सांगतात. या विचाराची तर्कशुद्ध परिणती अशी की स्थळ शेवटी अनावश्यक ठरते. चित्त निवळले की चित्र पुरे. भारतीय परंपरेतील 'मानस तीर्था'ची कल्पना, म्हणजे सत्य, क्षमा आणि इंद्रियनिग्रह हीच खरी तीर्थे असल्याचे पुराणवचन, याच दिशेने जाते, आणि तीर्थाटनापेक्षा आचरणाला मोठे मानणाऱ्या मराठी संतांचाही कल बऱ्याच अंशी तिकडेच आहे. ही उदात्त भूमिका आहे यात शंका नाही, पण तिची किंमत स्थळाला मोजावी लागते, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

चीनमधील दुसरा प्रवाह स्थळाला सोडत नाही, तो स्थळावर लिहितो. ताई शान या पर्वतावर इ. स. पूर्व 219 मध्ये चीनच्या पहिल्या सम्राटाने स्वर्ग आणि पृथ्वी यांना उद्देशून विधी केला, त्यानंतर अनेक सम्राट तिथे गेले, आणि तांग घराण्याच्या श्वानझोंग सम्राटाने आठव्या शतकात केलेल्या विधीचा लेख आजही तिथल्या कड्यावर मोठ्या अक्षरांत आहे. हांगझोऊ शहराला लागून असलेल्या पश्चिम सरोवराची दहा दृश्ये सोंग काळापासून नावानिशी ठरली आणि पुढे कांगशी सम्राटाने त्यांची नावे स्वहस्ते लिहून शिळांवर कोरवली. म्हणजे तिथे जाणारा प्रवासी काय पाहावे आणि कुठून पाहावे हे आधीच शिकून जातो. शहर आणि निसर्ग यांत या परंपरेने फारसे वैर मानले नाही, हे तिचे मोठेपण आहे. परंतु तिच्यात स्थळाची थोरवी, कोण येऊन गेले आणि काय लिहून गेले, यावर वाढत जाते. आल्यागेल्याची साक्ष हाच पावित्र्याचा पुरावा ठरतो.

भामरागडच्या माडिया गोंडांकडे यातले काही नाही, आणि त्याची उणीवही त्यांना भासलेली नाही. माडियांच्या धर्मविचारात 'पेन', म्हणजे कुळाचे दैवत, हे कोणा एका कुळाचे असते. चार, पाच, सहा किंवा सात देवांची कुळे असे गट पडतात आणि सोयरीक कोणाशी करायची आणि कोणाशी नाही हे त्यावरून ठरते. पेनठाण्यावर, म्हणजे दैवताच्या जागी, बहुधा बघण्यासारखे काही नसते: एखादे जुने झाड, थोडे दगड, कधी लाकडी खांब. गावाचा धार्मिक कारभार गायता किंवा पेरमा पाहतो आणि 'पंडुम' हा सण झाल्याशिवाय त्या त्या हंगामातले नवे फळ किंवा धान्य तोंडात घालायचे नाही, असा दंडक असतो. अबुजमाडाच्या डोंगराळ भागासह बस्तरच्या माडियांवर 1938 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिगसनच्या ग्रंथात कुळ आणि भूमी यांच्या या बांधिलकीचे तपशीलवार वर्णन आहे. आंब्याचे झाड येथे पवित्र आहे ते देखणे म्हणून नव्हे आणि कोणी थोर पुरुष त्याखाली बसला म्हणूनही नव्हे. त्याच्याशी काय करायचे, कधी करायचे आणि कोणाला विचारून करायचे हे ठरलेले आहे म्हणून. असे पावित्र्य डोळ्यांना दिसत नाही, ते पाळावे लागते. प्रवाशाला ते दिसले नाही तर दोष त्याच्या नजरेचा नसतो. ज्या देण्याघेण्यात ते वसते त्या देण्याघेण्यात तो सामीलच नसतो.

या मांडणीवर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. नात्यानेच पावित्र्य घडत असेल, तर परका कधीच आत येऊ शकत नाही काय? भामरागडलगतच्या हेमलकसा येथे 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प हे या संदर्भातले विचार करायला लावणारे उदाहरण आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे आले ते देखावा पाहायला नव्हे. दवाखाना आणि शाळा यांतून त्यांनी आयुष्य तिथे रुजवले. माडियांच्या पेनशी त्यांचे कुळाचे नाते नव्हते आणि होऊही शकत नव्हते, तरी त्यांना पाहुणे म्हणणे हास्यास्पद ठरेल. म्हणजे विधी हाच नात्याचा एकमेव मार्ग नाही. दीर्घकाळ पत्करलेले उत्तरदायित्व हाही एक मार्ग आहे. फक्त त्याला वर्षे लागतात, आणि प्रवाशाजवळ नेमकी तीच नसतात.

जिथे नाते आणि नजर समोरासमोर येतात तिथे कोणाची सरशी होते, हे दोन डोंगरांवरून कळते. हुनान प्रांतात, जिथे तुजिया जमातीची मोठी वस्ती आहे, झांगजियाजिए येथे 1982 साली चीनचे पहिले राष्ट्रीय वनउद्यान झाले. 2010 मध्ये तिथल्या एका उंच शिलास्तंभाला 'अवतार' या चित्रपटातील तरंगत्या डोंगरांवरून नवे नाव देण्यात आले, आणि आज लाखो पर्यटक तो डोंगर चित्रपटाच्या आठवणीतून पाहतात. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर माडियांचे ठाकूरदेव हे दैवत आहे, दरवर्षी जानेवारीत आसपासच्या इलाक्यातील गावे तिथे यात्रेला जमतात, आणि त्याच डोंगररांगेत लोहखनिजाची खाण चालू आहे. पहिल्या ठिकाणी डोंगर शाबूत राहून त्याची ओळख बदलली. दुसऱ्या ठिकाणी ओळख शाबूत आहे आणि डोंगर कमी होतो आहे. पर्यटन हे खाणीपेक्षा बरे, असा युक्तिवाद गडचिरोलीत अधूनमधून ऐकू येतो आणि रोजगाराच्या हिशेबात तो खराही असेल. पण दैवताच्या दृष्टीने दोन्हीकडे एकच गोष्ट घडते, ती ही की डोंगराचे काय करायचे हे विचारण्याची जागा गायत्याकडून निघून दुसरीकडे जाते.

पाहणे आणि राहणे यांतल्या अंतराचे चिनी विचाराला भान नव्हते असे मात्र नाही. अकराव्या शतकातील चित्रकार ग्वो शी याने चांगल्या निसर्गचित्राचे चार प्रकार सांगितले: ज्यातून चालत जावे, ज्याकडे पाहावे, ज्यात रमत हिंडावे आणि ज्यात राहावे, आणि शेवटचे दोन प्रकार पहिल्या दोहोंपेक्षा श्रेष्ठ मानले. पाहण्याहून राहणे वरचे, हा निवाडा एका दरबारी चित्रकाराने दिला आहे. पण त्याच लेखनात तो कारणही सांगतो: राजसेवा आणि आईवडिलांची जबाबदारी यांमुळे सज्जनाला डोंगरात जाऊन राहता येत नाही, म्हणून त्याला घरबसल्या चित्र हवे. म्हणजे त्याच्या कल्पनेतले राहणे हे नांगर, ताप आणि पूर यांवाचूनचे राहणे आहे. भामरागडात पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात पूल बुडतो आणि आलापल्लीची वाट बंद होते. तिथल्या राहण्यात डोंगर-पाणी हे चित्र नसून वेळापत्रक असते, आणि पेनची भीती ही त्या वेळापत्रकाचा भाग असते. ग्वो शीच्या चारही प्रकारांत हे बसत नाही. जिथे राहणाऱ्याला निघून जाण्याची मुभा नाही, अशा पाचव्या प्रकाराचा विचार निसर्गचित्राच्या मीमांसेने केला नाही, आणि ह्युएनत्संगाने दक्षिणेकडे जाताना ज्या अरण्याला एका ओळीत मागे टाकले, त्यात तर तोच प्रकार होता.