काळ सोकावतो, पण किती?

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात : स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. आक्रमक खेळाडूचा डोळा नेमका त्यांच्यावर असतो. तो रेझ करतो, आपण पत्ते टाकून देतो, तो गोळा करतो. दर फेरीला हेच. मग मनात येतं, 'माझे आहेत ते, असे कसे सोडू?'

मला खटकतो तो हा 'माझे'. टाकलेला ब्लाइंड माझा उरत नाही. तो पॉटचा होतो. समोरचाही चोर नाही, नियमातच खेळतोय. म्हणजे ब्लाइंडच्या 'बचावा'त मालकीही नाही आणि अपमानही नाही. तरी बचाव करावा लागतो, कारण हिशेब तसा आहे.

समजा ब्लाइंड 500 आणि 1000, अँटी 1000. बटणावरच्याने 2000 केले, स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केलं. पॉटमध्ये 4500 आहेत, मला आणखी 1000 भरायचे आहेत. साधारण 18 टक्के वाटा पदरात पडला तरी भागतं. आता त्याच्या बाजूने पाहा. 2500 मिळवायला तो 2000 लावतोय. आम्ही दोघांनीही शंभरात 45 वेळा पत्ते टाकले, तर त्याने पत्ते न बघता रेझ केलं तरी फायदाच. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. इथे त्या सोकावण्याला आकडा मिळतो.

म्हणीत आकडा नाही, हीच तिची अडचण. ती ऐकून माणूस प्रत्येक वेळी शड्डू ठोकतो. पण आणखी एक जण बाद झाला की उरलेल्यांना बक्षीस, अशा वेळी गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते. तिथे काळ सोकावला तरी पत्ते टाकणंच शहाणपणाचं. तो भित्रेपणा नव्हे.

ऑफिसात रात्री नऊला 'पाचच मिनिटं' म्हणून कॉल लावणारे असतात. तिथे गोष्ट वेगळी आहे : माझी संध्याकाळ पॉटमध्ये टाकलेली नाही, ती खरोखर माझी आहे. त्यामुळे राग रास्त आहे. पण नकार द्यायचा हक्क मला आहे, एवढंच राग सांगतो. तो आज वापरायचा की उद्या, हे त्याला विचारू नये. मी दर वेळी हो म्हटलं तर ते माझं धोरण म्हणून वाचलं जाणार. दर वेळी भांडलो तरी तेच.