दानाची पाटी आणि ग्रीसचा डबा

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा क्रमांकाच्या लेण्यात एक लांबलचक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने काय काय दान केले, याची ती नोंद. गायी, गावे, सोने हे तर त्यात आहेच. शिवाय भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी धर्मशाळा, बागा, तळी आणि विहिरी करून दिल्या, तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठावर पाणपोया घातल्या, हेही कोरलेले आहे. ही सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची पाटी आजच्या एखाद्या नगरसेवकाला वाचून दाखवली, तर त्याला ती मुळीच परकी वाटणार नाही. त्याच्याही वॉर्डातल्या उद्यानात हिरव्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रे उभी असतात आणि शेजारच्या फलकावर लिहिलेले असते की, ही ओपन जिम माननीय अमुक यांच्या संकल्पनेतून व विकास निधीतून साकारली आहे. उषवदाताने दिलेला पैसा नेमका कोणाचा होता, हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. उद्यानातल्या यंत्रांचा पैसा कोणाचा, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे.

बागेतला एअर वॉकर आणि धर्मचिंतन यांचा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल, पण तो फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलापासून ‘इष्टापूर्त’ ही जोडी आपल्याकडे चालत आली आहे. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहीर, तळे, देऊळ, अन्नदान आणि बाग. मुंडकोपनिषदाने एवढ्यालाच सर्वश्रेष्ठ मानणाऱ्यांना मूढ ठरवले, ही गोष्ट वेगळी. व्यवहारात पूर्तधर्म टिकला आणि वाढला. काही स्मृतींनी तर शूद्रांना वैदिक कर्मांचा अधिकार नाकारला, पण पूर्ताचा दिला.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यातला विचार आजच्या नागरी जीवनाला थेट लागू पडतो. दानात घेणारा ठरलेला असतो. देणाऱ्याची मालकी संपते आणि त्याची सुरू होते. तळे खणून लोकांना दिले, तर घेणारा कोण? ठरावीक असा कोणीच नाही, सर्व प्राणिमात्र. म्हणून तिथे दान नव्हे, उत्सर्ग. त्याचा विधीही पाहण्यासारखा होता: गाय पाण्यात उतरवायची, तिच्यामागून यजमानाने पाणी पार करायचे आणि मग ते पाणी सर्वांसाठी सोडून द्यायचे. पुढे त्या तळ्यावर त्याचा हक्क उरत नाही. मग त्याने स्वतः त्यातले पाणी प्यावे की नाही, यावरही शास्त्रकारांनी खल केला. सर्वांमधला एक म्हणून त्याने खुशाल प्यावे, असे एक मत होते. नागरिकशास्त्राच्या कित्येक पुस्तकांना ‘सार्वजनिक’ म्हणजे काय हे इतके स्वच्छ सांगता आलेले नाही.

ही कसोटी ओपन जिमला लावली की घोटाळा लक्षात येतो. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी मिळतो आणि त्या कामाच्या जागी खासदाराच्या नावासह फलक लावावा, असे त्या योजनेचे नियमच सांगतात. आमदार आणि नगरसेवक यांच्या निधीतून होणाऱ्या कामांवरही नावे झळकतातच. म्हणजे ज्याने दिले त्याचे नाव फलकावर नाही, आणि ज्याचे नाव आहे त्याने स्वतःचे काही सोडलेले नाही. देणारा खरा म्हणजे करदाता, आणि सकाळी सहा वाजता येऊन यंत्र वापरणाराही तोच. आपण काही दिले, हे त्याला जाणवत नाही; म्हणून आपले काही आहे, हेही जाणवत नाही. संकल्प झाला, उत्सर्ग झालाच नाही.

नाव कोरण्यात पाप आहे, असे नव्हे. चीनमध्ये १९९५ साली राष्ट्रीय तंदुरुस्ती कार्यक्रम आला आणि वस्त्यावस्त्यांत अशी यंत्रे बसली; त्यांच्यावर क्रीडा लॉटरीचे चिन्ह असते. स्वित्झर्लंडमध्ये १९६८ साली झुरिकला व्यायामाची पहिली पायवाट आखली गेली, तिला विमा कंपनीचे नाव मिळाले आणि ते तसेच रूढ झाले. मुंबईच्या जुन्या पाणपोयांवरही दात्यांची नावे आहेत. नाव कोणाचे, यापेक्षा तिथला नळ पुढे कोण दुरुस्त करतो, हे महत्त्वाचे.

या यंत्रांची रचना मोठी मजेदार आहे. बंद जिममधल्यासारख्या वजनाच्या तबकड्या बहुतेक यंत्रांना नसतात. दांडा खाली ओढला की बैठकीसकट माणूसच वर उचलला जातो; लेग प्रेसवर पायाने रेटले की आपणच मागे ढकलले जातो. यंत्र कोणाला काहीच देत नाही, ज्याचे त्याने आपलेच वजन उचलायचे. फुकट मिळणाऱ्या वस्तूंत इतकी नैतिक वस्तू विरळाच! पण सारा खेळ सांध्यातल्या बेअरिंगवर चालतो. दोन पावसाळे त्याच्यावरून गेले की ते कुरकुरू लागते, मग अडते. एक दिवस पायठणाचा बोल्ट निघतो आणि उरलेला सांगाडा ओल्या टॉवेलांची सोय म्हणून कामी येतो.

कोल्हापूरच्या तालमीत असे का होत नाही? तिथेही व्यायामाचे मुख्य साधन सामाईकच असते: लाल मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात आणि ती वरचेवर उकरून मऊ राखावी लागते. हे काम पैलवान स्वतः करतो. हातात फावडे घेऊन हौदा खणणे ही त्याची मेहनतच असते; खांदे, पाठ, कंबर सगळे त्यात येते. वापर आणि देखभाल यांत तिथे भिंत नाही. समोर कोनाड्यात मारुती असतो, त्यामुळे माती ही वस्तू उरत नाही, तिच्याशी नाते जडते. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली, त्यांत शरीरश्रम हे व्रत होते: जो खातो, त्याने अन्नासाठी हातपाय हलवलेच पाहिजेत. या निकषाने पाहिले, तर चाळीस मिनिटे हवेत पाय हलवून कोणाचेच काही न पिकवणारा माणूस कोड्यात पडतो. हौदा खणणारा पडत नाही.

तरीही तालमीचे गोडवे गाताना थांबायला हवे. बहुतेक तालमींचा उंबरा बायकांसाठी नव्हता. ओपन जिमला उंबराच नाही. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून शोल्डर व्हील फिरवणाऱ्या साठीच्या बाई गावोगाव दिसतात. त्यांना कोणत्या तालमीने दार उघडले असते?

‘सर्वांसाठी’ हा शब्द आपल्या समाजाने किती सहज मोडला, याची साक्ष महाडला आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सदस्य बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्रत्यक्ष प्यायल्यावर सवर्णांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, तीही गोमूत्र आणि शेण वापरून. उत्सर्गाच्या विधीत पाणी सर्वांसाठी सोडताना जी गाय पुढे चालायची, तिलाच इथे ते पाणी अडवायला जुंपले. तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. पूर्तधर्मात देण्याचा अधिकार सर्वांना होता, घेण्याचा नव्हता.

बागेतल्या यंत्रावर आज अशी उघड बंदी नाही. पण अनेक उद्याने दुपारी बंद असतात, आणि धुणीभांडी आटोपून मोकळ्या होणाऱ्या बाईला नेमकी तीच वेळ असते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वापरता येईल असे यंत्र क्वचितच दिसते. फलक लावून मनाई केलेली मुले मात्र त्यांवर निर्धास्त झोके घेतात. नियमाने ते चूक आहे आणि बोटे सापडण्याची भीतीही खरी आहे. पण त्या वस्तूंवर मनापासून हक्क सांगणारी उद्यानात तेवढीच असतात.

विष्णुस्मृतीत पूर्तधर्माची एक तरतूद आहे, ती शहरांनी उचलावी अशी आहे. विहीर, बाग, तळे किंवा देऊळ यांची जो पुन्हा डागडुजी करतो, त्याला ते मुळात बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते, असे ती सांगते. त्या यादीत बाग आहे. मग फलकावर निधी आणणाऱ्याच्या नावाखाली देखभाल करणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर का नसावा? रोज सकाळी भेटणाऱ्या मंडळींनी वॉर्ड ऑफिसात पुढचा अर्ज आणखी दोन यंत्रांसाठी न देता यासाठी द्यावा. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत आपापल्या यंत्राचे सैल बोल्ट आवळून घ्यावेत. पाना बहुतेक घरांत असतो, आणि ग्रीसचा डबा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.