पहारेकऱ्याचे शरीर कोणासाठी?

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांच्याच संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ भिंत नसलेला तुरुंग सुरू झाला. पहिली गोष्ट व्यायामाच्या इतिहासात सांगितली जाते, दुसरी तुरुंगसुधारणेच्या. दोन्ही एकत्र ठेवल्या की एक धर्मप्रश्न समोर येतो आणि तो आजच्या प्रत्येक कारागृह शिपायाला लागू पडतो. माणसांना कोंडून ठेवण्याची नोकरी करणाऱ्याने शरीर कमवायचे ते कशासाठी?

सरळ उत्तर आहे: कैद्याला आवरण्यासाठी. भरतीचे मैदानही हेच सांगते. सोळाशे मीटर धावा, गोळा फेका, गुण मिळवा.

बाळासाहेबांचे उत्तर वेगळे होते. १८६८ साली जन्मलेल्या या राजाने तरुणपणी युजीन सँडो या शरीरसौष्ठवपटूच्या साधनांनी अनेक वर्षे शरीर घडवले. पुढे मिरजेच्या अधिपतींचे उदाहरण पाहून तो सूर्यनमस्कारांकडे वळला आणि म्हातारपणापर्यंत त्याने ते सोडले नाहीत. १९३८ साली लंडनमध्ये त्याचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. तिथल्या वाचकाला हे आरोग्याचे साधन म्हणून हवे होते, पण बाळासाहेबांच्या नमस्कारात बीजमंत्र होते, सूर्याची नावे होती. पूजा कुठे संपते आणि व्यायाम कुठे सुरू होतो, अशी रेघ त्यांनी ओढलीच नाही. नमस्कारातली मुद्रा पाहिली तर त्यांचे म्हणणे कळते. सँडोचा पहिलवान आरशासमोर दंड फुगवतो. नमस्कार घालणारा कपाळ जमिनीकडे नेतो. ताकद दोघांनाही येते, पण एकाच्या ताकदीत वाकणे आधीपासूनच मिसळलेले असते.

हे वाकणे तुरुंगात कसे दिसेल, याचा प्रयोग मॉरिस फ्रीडमन यांच्या आग्रहाने झाला. हा पोलंडचा इंजिनियर, वॉर्सात वाढलेला, बंगळुरात सरकारी विजेच्या कारखान्याचा प्रमुख. राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर तो औंधला आला. संस्थानची सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना गांधीजींच्या सल्ल्याने १९३९च्या जानेवारीत लागू झाली, तिच्यामागेही तो होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणारी माणसे आपल्या हवाली करा, असे त्याने राजाकडे मागितले आणि राजाने ते मान्य केले. माणदेशच्या त्या दुष्काळी, खडकाळ माळावर कैदी बायकामुलांसह राहू लागले, जमीन कसू लागले. वसाहतीला नाव मिळाले स्वतंत्रपूर. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, औंध सातारा जिल्ह्यात.

कुंपण काढले की पहारेकऱ्याचे काय उरते? किल्ली गेली, गज गेले, बंदूकही निरुपयोगी, कारण पळायचे ठरवलेल्याला चहूकडे माळ मोकळा आहे. उरतो तो फक्त माणूस. पहाटे उठणारा, उन्हात बरोबरीने राबणारा, चिडला तरी हात न उगारणारा. असा माणूस व्हायला गोळाफेकीपेक्षा फार अवघड कसरत करावी लागते. रक्तदाब चढलेला, झोप तुटलेला, पोट सुटलेला आणि घरी मुलांचे तोंडही न पाहिलेला माणूस संयम कुठून आणणार? संयम ही आधी शरीराची गोष्ट आहे. सुदृढ शरीर मारण्यासाठी हवे असते त्याहून कितीतरी जास्त न मारण्यासाठी हवे असते.

याच वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा रचली. ते स्वतः आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. व्ही. शांतारामांचा हा चित्रपट १९५७ साली आला आणि पुढच्या वर्षी बर्लिनला गौरवला गेला. त्यात सहा खुन्यांना सुधारायला निघालेला जेलर शेवटी बैलाशी झुंजताना मरतो. जेलर झालेल्या शांतारामांच्या डोळ्यांना चित्रीकरणात खरोखरच इजा झाली. कथेतला जेलर आपली ताकद कैद्यांवर एकदाही वापरत नाही, ती त्यांच्यासाठी खर्च करतो.

पण सगळे तुरुंग स्वतंत्रपूर नाहीत. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मूळ क्षमता ८०४, आणि तिथे तीन हजारांच्या आसपास माणसे कित्येकदा राहिली आहेत. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे राज्यातली पाच कारागृहे पूर्ण बंद केली गेली. बाहेरचे आत नाही, आतले बाहेर नाही, आणि यात कर्मचारीही आले. मे महिन्यात आर्थर रोडमध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात संसर्ग उघड झाला तेव्हा ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. कोंडणारा आणि कोंडलेला एकाच हवेत श्वास घेतात, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले. एकाच्या आरोग्याकडे पाहायचे आणि दुसऱ्याचे विसरायचे, असे तुरुंगात करताच येत नाही.

फ्रीडमन पुढे मुंबईत खेतवाडीला निसर्गदत्त महाराजांकडे जाऊन बसू लागले. महाराज मराठीत बोलत. त्या संवादांचे फ्रीडमननी केलेले इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघाले. त्या शिकवणीचा गाभा असा की तू म्हणजे तुझे शरीर नव्हेस. मग ज्या राजाने आयुष्यभर शरीराची उपासना केली, त्याच्या संस्थानात घडलेल्या माणसाने हे कसे स्वीकारले? विरोध वाटतो, पण तुरुंगाच्या दारात उभे राहिले की तो उरत नाही. तुरुंगात माणसाचे पहिल्यांदा काय होत असेल तर तो मोजायचे शरीर होतो. सकाळी मोजणी, संध्याकाळी मोजणी, आकडा जुळला की दिवस पार पडला. रोज शरीरे मोजणारा शिपाई हळूहळू स्वतःलाही दुखणारी पाठ आणि सुजलेले पाय एवढेच समजू लागतो. जो स्वतःला त्याहून मोठा मानतो, तोच समोरच्यात गुन्ह्याहून मोठे काही पाहू शकतो. आणि तसे मानायला निदान पाठ न दुखणारी हवी.

मग औंधच्या शाळांसारखी कारागृहातही सक्ती करावी का? नको. शाळेतले मूल घंटा वाजली की घरी जाते, पण तुरुंगात आधीच सारे काही हुकमाने चालते. तिथे मंत्राचाही हुकूम निघाला तर त्यातली पूजा मरेल. शिवाय शिपायांत आणि कैद्यांत ज्यांचा देव सूर्य नाही असेही आहेत. मात्र वेळेची सक्ती जरूर असावी, आणि ती शिपायावर नव्हे, सरकारवर. केंद्राच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक रक्षक असे प्रमाण सांगितले आहे. ते पाळले, पाळी आठ तासांवर थांबवली, पाळीतच व्यायामाला अर्धा तास राखला आणि वर्षातून एकदा नीट तपासणी केली, तर त्या अर्ध्या तासात कोण नमस्कार घालतो, कोण धावतो आणि कोण नुसता डोळे मिटून बसतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.