निर्णय खिडकीपाशी यायला हवा

बिदरजवळचे कोळार हे माझे गाव. आमच्याकडच्या मराठी घरांत जमिनीच्या उताऱ्याला ‘पहाणी’ म्हणतात. सीमेपलीकडे उदगीर-देगलूरच्या सोयऱ्यांकडे गेले की तिथे ‘सातबारा’ हा शब्द कानावर येतो. पीककर्ज काढायचे असो की भावाभावांत वाटणी करायची असो, या कागदावाचून पान हलत नाही. माझ्या लहानपणी तो तलाठ्याच्या दप्तरात असे. एकेका तलाठ्याकडे तीन-चार गावे. तो दुसऱ्या गावी गेला की दप्तरही त्याच्याबरोबर जाई आणि माणसे पारावर वाट पाहत बसत.

पुढे ‘भूमी’ ही कर्नाटकची जमीन-नोंदींची संगणकीय यंत्रणा आली. वडिलांबरोबर तालुका कचेरीच्या खिडकीपाशी पहिल्यांदा उभा राहिलो तो दिवस मला अजून आठवतो. संगणकाला दोन पडदे होते, एक आतल्या माणसाकडे आणि दुसरा आमच्याकडे तोंड केलेला. वडिलांना कन्नड अक्षरे जेमतेम लागत, पण सर्वे नंबर आणि एकर-गुंठे त्यांनी ओठ हलवत ताडून पाहिले. १५ रुपये मोजले आणि कागद हातात पडला.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. ‘आपण आता अ‍ॅजाइल झालो’, म्हणजे लहान टप्प्यांत चपळपणे काम करू लागलो, असे तिथे दर दोन-तीन वर्षांनी नव्याने जाहीर होते, आणि दर वेळी मला तो दुसरा पडदा आठवतो. चूक ज्याला दिसते आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्या दोघांमधले अंतर कमी करणे हे अ‍ॅजाइलचे खरे काम आहे, असे माझे मत आहे. दोन आठवड्यांचे स्प्रिंट, सकाळची उभ्याने होणारी बैठक, भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या ही सगळी त्यासाठीची अवजारे. मोठ्या संस्था अवजारे विकत घेतात आणि अंतर तेवढेच ठेवतात.

याचा उत्तम दाखला आमच्याच भागात आहे. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातला वर्धा त्यांत होता. कर्नाटकात पहिला प्रयोग १९९१ मध्ये तेव्हाच्या गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत झाला. १९९६ पर्यंत राज्याच्या सगळ्या जिल्ह्यांना मंजुरी मिळाली होती. तरीही शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही, कारण नोंद बदलते तालुक्यात आणि तालुक्याला संगणक देण्याची तरतूदच नव्हती. वारसाची नोंद झाली, जमीन विकली गेली, की जिल्ह्यातली संगणकावरची प्रत त्याच दिवशी शिळी होई.

‘भूमी’ने संगणक खिडकीपाशी आणला. आधी मोजके तालुके आणि मग राज्यभर १७७, असा तिचा प्रवास झाला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी भरल्या गेल्या आणि ज्यांच्या दप्तरातून त्या आल्या, त्या ग्रामलेखपालांनीच, म्हणजे तलाठ्यांनीच, त्या तपासल्या. तालुक्यात संगणकीय नोंद सुरू झाली की हाताने लिहिलेला उतारा बाद ठरे, म्हणजे मागे फिरण्याची वाटच उरत नसे. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानेच निकाली काढायचे, हा नियम त्या यंत्रणेतच बांधलेला होता. हे काम उभे करणारे सनदी अधिकारी राजीव चावला आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे तंत्रज्ञ यांनी स्वतःला अ‍ॅजाइल म्हणवून घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला तो फेब्रुवारी २००१ मध्ये, आणि ‘भूमी’ राज्यभर पसरत होती तीही त्याच सुमारास.

अ‍ॅजाइलच्या जोडीने ‘लीन’, म्हणजे कामातले वाया जाणे कमी करण्याची पद्धत, येते. तिचा उगम त्याहून जुना, जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यातला. ताइची ओनो यांनी तिथे घडवलेल्या पद्धतीत दोष दिसताच कोणताही कामगार डोक्यावरची दोरी ओढू शकतो. वेळीच निवारण झाले नाही तर सारी ओळ थांबते. या दोरीतली मोलाची गोष्ट म्हणजे कामगारावर टाकलेला विश्वास. आमच्याकडच्या एका प्रकल्पात टेस्टिंग करणाऱ्या मुलीला मंगळवारी दोष सापडला. बुधवारच्या स्टँड-अपमध्ये तिने तो सांगितला, चिठ्ठी भिंतीवर लागली. पण तो दुरुस्त करायला दुसऱ्या विभागाची मंजुरी लागत होती आणि त्या विभागाची समिती महिन्यातून एकदाच बसे. पाच आठवडे ती मुलगी रोज सकाळी उभी राहून तेच वाक्य म्हणत होती. बैठक वेळेवर होत होती, चिठ्ठी जागच्या जागी होती, फक्त ओढायला दोरी नव्हती.

असे का होते, याचे उत्तर संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच दिले होते. संस्थेत संवादाच्या वाटा जशा असतात, तशीच तिने घडवलेली यंत्रणा होते. कर्नाटकात महसूल, मोजणी आणि दस्तनोंदणी ही तीन खाती, म्हणून ‘भूमी’, ‘मोजिणी’ आणि ‘कावेरी’ अशा तीन यंत्रणा. पुढे त्या एकमेकींशी जोडाव्या लागल्या. विभागांमधल्या भिंती तशाच ठेवून प्रत्येक विभागाला वेगवेगळे अ‍ॅजाइल शिकवले, तर प्रत्येक विभाग आपापल्या भिंतीपर्यंत वेगाने पोचतो आणि तिथे थांबतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जमिनीची मालकी, बँकेची खाती, रुग्णालयाच्या नोंदी हे घाईने करण्याचे काम नव्हे. मोठ्या संस्थेला नियम लागतात. मला हे मान्य आहे. ‘भूमी’तही फेरफाराआधी हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत होती. एखाद्या विधवेच्या नकळत तिचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे होऊ नये, यासाठी ती मुदत हवीच. पण हरकतीसाठी थांबणे वेगळे आणि साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून थांबणे वेगळे. पहिल्या थांबण्याने कुणाचे तरी रक्षण होते, दुसऱ्याने कुणाचेच होत नाही. लीन ज्याला वाया जाणे म्हणते ते हे दुसरे थांबणे, आणि दोन्ही थांबणी एकाच मापाने कापणारा व्यवस्थापक पहिल्याचाही घात करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संशोधक सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘भूमी’वर कठोर टीका केली. गावपातळीवरची पकड सुटून ती वर गेली आणि तिचा लाभ मोठ्या खरेदीदारांना झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा इशारा अ‍ॅजाइलच्या नावाखाली वरून फलक बसवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वाचावा असा आहे. माहिती वेगाने वर गेली आणि अधिकार खाली आला नाही, तर यंत्रणा चपळ होत नाही; वरच्या माणसाची नजर तेवढी तीक्ष्ण होते.

म्हणून कोणतीही मोठी संस्था अ‍ॅजाइल आणि लीनच्या वाटेवर निघाली, तर मी तिच्या प्रशिक्षणाचे तक्ते मागणार नाही. सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसाला काल दोष दिसला, तर आज तो कुणाला न विचारता काय करू शकतो, एवढेच विचारीन. गुलबर्ग्यात १९९१ साली याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे होते, कारण संगणक जिल्ह्याला आणि नोंद तालुक्याला होती. दहा वर्षांनी वडील ज्या पडद्यासमोर उभे होते, तिथे निदान नाव किंवा गुंठा चुकला तर तो कागद छापण्याआधी बोट दाखवून सांगता येत होते. त्या बोटाला मान देण्याची तयारी असेल, तर भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचा उपयोग आहे.