दार कोण उघडते?

आमच्या मंडळीतील एका कुटुंबाचा मुलगा कॅनडात नोकरीस आहे. मागे एका उन्हाळ्यात तो ओटावा शहरापासून किंग्स्टनपर्यंत रिडो कालव्याने कॅनूतून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद व हलक्या होडीतून गेला. थोडी नदी, थोडी सरोवरे, थोडा खोदलेला कालवा असा हा २०२ किलोमीटरांचा मार्ग. त्याने पाठवलेली छायाचित्रे आम्ही शब्बाथशाळेच्या वर्गात दाखवली आणि होडी चढ कशी चढते हे फळ्यावर आकृती काढून सांगितले. होडी दगडी कोठीत शिरते, मागचे दार मिटते, वरचे पाणी हळूहळू आत सोडतात, पाण्याबरोबर होडीही वर येते आणि मग पुढचे दार उघडते. या कोठीला लॉक म्हणतात. मुख्य मार्गावर अशी ४५ लॉक आहेत; ओटावातच एकापाठोपाठ ८ असून ती होडीला सुमारे २४ मीटर वर नेतात. मुले खूश झाली. एका मुलीने विचारले, "पण सर, दार कोण उघडतं?"

"माणसं उघडतात," एवढे सांगून आम्ही पुढे गेलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न आमची पाठ सोडीना.

कालवा होण्यापूर्वी अल्गोंक्विन लोक याच वाटेने भूर्जाच्या सालीच्या कॅनू नेत असत. धबधबा आला की होडी पाण्याबाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची आणि काठाने चालत जाऊन पुढच्या शांत पाण्यात सोडायची. याला पोर्टेज म्हणतात. पोर्टेजमध्ये नदी जशीच्या तशी राहते, वाकतो तो माणूस. लॉकमध्ये माणूस होडीत बसून राहतो आणि नदीलाच त्याच्यासाठी वाकवलेले असते. मग पोर्टेजवर खांद्यावर असलेले ओझे लॉकमध्ये नाहीसे होते, की दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर जाते?

इतिहासाकडे पाहावे. १८१२ च्या युद्धानंतर अमेरिकेच्या सरहद्दीवरून वाहणारी सेंट लॉरेन्स नदी ब्रिटिशांना धोक्याची वाटू लागली, म्हणून आतल्या बाजूने हा जलमार्ग काढण्यात आला. लेफ्टनंट कर्नल जॉन बाय यांच्या देखरेखीखाली १८२६ ते १८३२ या काळात काम झाले. मजूर बहुतांशी आयरिश व फ्रेंच कॅनेडियन होते. दलदलीच्या भागात उन्हाळा आला की हिवताप त्यांना गाठी. रोग व अपघात मिळून सुमारे १,००० माणसे गेली असे मानतात. मजुरांबरोबर राहणारी बायकामुलेही त्यातून सुटली नाहीत. आणि ज्या युद्धाच्या भीतीने हे सर्व केले, ते युद्ध पुन्हा झालेच नाही.

दोष कोणाला द्यावा? दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो असा तेव्हाचा समज होता. डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत दाखवला तो १८९७ साली. खुद्द बाय यांनाही त्या तापाने सोडले नाही. तेव्हा कोणा एकाला क्रूर ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही. अज्ञानाने अपराध हलका होत असेल, पण कबरी कमी होत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, लॉक टाळावे, होडी खांद्यावर घेऊन चालावे, म्हणजे मन स्वच्छ. आम्हांला हे पटत नाही. लॉकला वळसा घालून चालल्याने मेलेल्यांपैकी एकाचाही भार हलका होत नाही. शिवाय पोर्टेजची वाट तरी सर्वस्वी निष्पाप कोठे आहे? त्याच देशातील केसाळ कातड्यांच्या व्यापारात वल्हेकऱ्यांनी सुमारे ४० किलोंची दोन दोन गाठोडी एका वेळी पाठीवर वाहिली. माल त्यांचा नव्हता, पाठ मात्र त्यांची होती.

प्रेषित पौल गलतीकरांस लिहिताना सहाव्या अध्यायात दुसऱ्याच्या ओझ्याला हात लावण्यास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर ज्याच्या त्याच्या भाराची आठवण देतो. मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन निराळे शब्द आहेत. त्यांपैकी दुसरा प्रेषितांच्या कृत्यांत (२७:१०) जहाजातील मालासाठी आला आहे. आम्ही या अध्यायावर अनेकदा बोललो आहोत. आपला माल प्रत्यक्षात कोण वाहत आहे, हे मात्र एकदाही विचारले नाही.

खरे सांगायचे तर, एकदा अधिवेशनाला जाताना पुस्तकांची पेटी एका हमालाने स्टेशनच्या पुलावरून नेली. पलीकडे उतरल्यावर थोड्या पैशांसाठी आम्ही त्याच्याशी घासाघीस केली. पुस्तके शब्बाथशाळेचीच होती. त्याने पेटी खाली ठेवून मान चोळली, ते आम्हांला आजही दिसते.

रिडोवरील बहुतेक लॉकची दारे आजही हाताने दांडा फिरवून उघडतात. होडीतील माणसाने मान वर केली, तर दांडा फिरवणारा त्याला दिसतो. ज्यांनी ती कोठी खोदली ते दिसत नाहीत. ओटावा व किंग्स्टन येथे त्यांच्या स्मरणार्थ दगडी क्रूस उभारले आहेत.

येत्या रविवारी तीच आकृती आम्ही पुन्हा फळ्यावर काढणार आहोत. या वेळी दारापाशी दांडा धरलेली माणसेही काढू. त्या मुलीलाच खडू द्यावा असे मनात आहे.