छापील नमुना

मूल, जि. चंद्रपूर

चि. लेकरा,


तेंदूपानांच्या हंगामासाठी रूबी ऑन रेल्समध्ये चालवलेलं तुझं काम उघडून पाहिलं. कार्डधारकांचा कंट्रोलर, पानं मोजून घेतात त्या फळीवरच्या पुड्यांचा, मजुरीचा, तिन्ही चोख. पण ग्रामसभेचं नाव, मेनू आणि तळाचा पत्ता तू प्रत्येक पानात नव्याने चिकटवला आहेस. उद्या नावातली वेलांटी सुधारायची वेळ आली की एखादं पान हमखास सुटेल.

छापील नमुन्याचा फायदा सातबाऱ्यात बघ. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सिरोंच्यापर्यंतचा मुलूख नव्या जिल्ह्यात गेला, तलाठ्याचा सातबारा मात्र तोच राहिला: गाव नमुना सात आणि बारा. जिल्ह्याचं नाव तेवढं बदललं, रकाने कोणी नव्याने आखत बसलं नाही.

तुझा नमुना म्हणजे लेआउट्स फोल्डरमधली 'अ‍ॅप्लिकेशन' नावाची फाइल. डोकं आणि तळ तिथे एकदाच लिही आणि मधे 'यील्ड' ठेव. ज्या कंट्रोलरचं पान असेल ते त्या जागी येऊन बसतं. सगळे कंट्रोलर 'अ‍ॅप्लिकेशन कंट्रोलर'ची लेकरं, म्हणून वेगळं काही सांगितलं नसेल तर बापाचाच लेआउट त्यांना मिळतो.

इथे एक मेख आहे. लेआउट्समध्ये कंट्रोलरच्याच नावाची फाइल असली, तर रेल्स आधी ती उचलतं. मी एकदा मजुरीच्या पानासाठी अशी फाइल प्रयोगाला केली आणि विसरलो. पुढे मेनू बदलला, सगळीकडे नवा दिसला, मजुरीच्या पानावर जुनाच. दोन दिवस मी कॅशेला शिव्या घालत होतो.

दुसरं, लेआउटला ग्रामसभेचं नाव लागतं, ते प्रत्येक अ‍ॅक्शनमध्ये शोधू नकोस. एखादी अ‍ॅक्शन विसरलास की डोकं कोरं निघेल, नाहीतर पानच कोसळेल. बापाच्या कंट्रोलरमध्ये ते शोधायला एक 'बिफोर अ‍ॅक्शन' लाव. एखाद्याच पानाला जादा काही हवं असेल, जसं पुड्यांच्या पानाला वरती तारीख, तर लेआउटमध्ये त्या जागेसाठी नाव देऊन आणखी एक 'यील्ड' ठेव आणि पानातून 'कंटेंट फॉर'ने ती भर. एरवी लेआउटमध्ये 'हे पान असेल तर' असल्या अटींचा गुंता होतो. माझा झाला होता.

फळीवर छापून द्यायच्या पावतीला मात्र हा लेआउट चालवू नकोस, तिला स्वतंत्र दे. आमच्या एका जुन्या कामात कागदावर आधी आख्खा मेनू छापला जायचा आणि मजुराच्या पुड्यांचा आकडा खाली दुसऱ्या पानावर जायचा. सत्तर तेंदूपानांचा पुडा बांधून आणलेली बाई फळीवर तो आकडा शोधत उभी राहायची. पुड्यांची संख्या वरच, मोठ्या अक्षरात घे. संध्याकाळी मोजणी चालते तेव्हा तिथे उजेड कमी असतो.

तुझा,
काका