रणभूमीवरील साक्षीदार

अहाब राजा रामोथ-गिलादावर चाल करून जाणार होता, तेव्हां चारशें संदेष्ट्यांनीं त्याला जयाचें आश्वासन दिलें. मीखायाला बोलावण्यास गेलेल्या जासुदानें त्यास विनविलें कीं, तूंही त्यांच्यासारखेंच गोड बोल. हा जासूद दुष्ट होता असें दिसत नाहीं. राजाचें मन मोडूं नये, सैन्याचा धीर खचूं नये, एवढेंच त्याला वाटलें असेल. मंडळींत असे जासूद आपण सर्वच एकदां तरी झालों आहों. आपल्या लोकांचा दोष डोळ्यांनीं पाहिला असतां तो बोलावा कीं गिळावा, हा प्रश्न सोपा नाहीं.

विल्यम हॉवर्ड रसेल या आयरिश गृहस्थापुढें हा प्रश्न वारंवार उभा राहिला. तो लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार. १८५४ सालीं इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान यांचें रशियाशीं युद्ध जुंपलें, तेव्हां तो इंग्रज फौजेबरोबर काळ्या समुद्राकांठच्या क्रिमिया प्रांतांत गेला. तेथें त्यानें काय पाहिलें? बालाक्लावाच्या बंदरांत सामानाचे ढीग पडत, आणि तेथून अवघ्या सहासात मैलांवर, सेबास्तोपोलपुढील खंदकांत, शिपाई थंडीनें, भुकेनें व रोगानें मरत. मध्यें धड रस्ता नव्हता. ओझ्याचीं जनावरें चाऱ्यावांचून मेलीं होतीं. शत्रूच्या हातून पडले त्यांहून कितीतरी अधिक लोक आजारानें गेले. रसेलनें हें सर्व लिहून पाठविलें. त्याच पत्राच्या कॉन्स्टँटिनोपल येथील बातमीदारानें स्कुतारीच्या इस्पितळाची दुर्दशा कळविली. देश हळहळला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई ३८ स्त्रियांसह ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं स्कुतारीस पोहोंचल्या. आणि पुढील जानेवारींत पार्लमेंटानें चौकशीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनीं मंजूर केल्यावर प्रधानमंडळास राजीनामा द्यावा लागला.

सेनापति लॉर्ड रॅग्लन याचें गाऱ्हाणें होतें कीं, हीं पत्रें छापलीं म्हणजे शत्रूला आयती बातमी मिळते. हें गाऱ्हाणें पोकळ नव्हतें. फौजेचीं ठाणीं कोठें, दारूगोळा कोठें, हें जगजाहीर करणें म्हणजे सत्यप्रीति नव्हे. तेवढ्यापुरता रसेलनें हात आंखडावयास हवा होता असें आम्हांस वाटतें. पण शिपायाच्या उपासमारीचें तसें नाहीं. ती झांकली असती, तर मुख्यतः त्याच्या आईबापांपासूनच झांकली गेली असती.

१८५८ च्या आरंभीं रसेल हिंदुस्थानांत आला. आदल्या वर्षीं कानपुरास, नानासाहेब पेशव्यांच्या ताब्यांत असलेल्या इंग्रज बायकामुलांची बिबीघरांत कत्तल झाली होती. ती खरी होती, आणि भयंकर होती. परंतु तिच्याभोंवतीं विटंबनेच्या अनेक कथा रचल्या जाऊन विलायतेंत सूडाची आग भडकली होती. रसेलनें पुरावा शोधला. पुष्कळ कथांना तो मिळेना. बिबीघराच्या भिंतींवर मृत स्त्रियांनीं लिहिलेले म्हणून जे लेख दाखवीत, ते हॅवलॉकची फौज आंत शिरली तेव्हां तेथें नव्हतेच, असें त्यानें नमूद केलें. इंग्रज फौजेच्या एका तुकडीबरोबर असलेल्या अधिकाऱ्यानें त्याला सांगितलें कीं, दोन दिवसांत ४२ माणसें रस्त्याच्या कडेला फांशीं दिलीं, आणि बारांना तर, वाटेंत भेटले तेव्हां त्यांचीं तोंडें भलत्या दिशेस होतीं म्हणून मारलें. तेंही त्यानें छापलें. मरणापूर्वीं मुसलमानांच्या अंगास डुकराची चरबी फांसणें, हिंदूंना बाटविणें, हीं कृत्यें ख्रिस्ती नव्हेत, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. तीं करणारे रविवारीं प्रार्थनेस बसत असतील, हें मनांत येऊन आमची मान खालीं जाते.

या दोन साक्षींत मोठा भेद आहे, वाचकहो. क्रिमियांत अन्याय सोसणारे रसेलच्या वाचकांचेच पुत्र होते. म्हणून वाचकांनीं त्याला धन्यवाद दिले. हिंदुस्थानांत सोसणारे परके आणि करणारे आपले. आपल्या माणसासाठीं खरें बोलण्यास धैर्य लागतें. परक्यासाठीं, आपल्या माणसाविरुद्ध खरें बोलण्यास तें दुप्पट लागतें, आणि धन्यवाद तर मिळतच नाहींत. १८६१ सालीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत उत्तरेच्या फौजेची बुल रनजवळ पळापळ झाली, ती त्यानें लपविली नाहीं. तो गुलामगिरीचा तिरस्कार करणारा होता. तरी उत्तरेच्या लोकांनीं त्याला शत्रु ठरविलें, आणि १८६२ त तो मायदेशीं परतला.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. मंडळीच्या एखाद्या बंधूस सावकारानें नाडलें तर आपण सारे चावडीवर जातों, व तें योग्यच आहे. पण आपल्याच एका बंधूनें पलीकडच्या वस्तींतील, दुसऱ्या धर्माच्या विधवेचा बांध कोरला असला तर? पंच विचारूं लागतात, तेव्हां मंडळीचें नांव जाईल, लोक आपल्या धर्माला हंसतील, असें म्हणून वडील माणसें दाराआड होतात. उपदेशकही, खोटें बोलावें लागूं नये म्हणून, नेमका त्याच दिवशीं दुसऱ्या गांवीं प्रार्थनेस जातो. नववी आज्ञा कोणीं मोडली नाहीं, असें आपण मानतों. ती बाई मात्र पेरणीच्या वेळीं आपलें शेत पावलांनीं मोजते, आणि तें दोन हात कमी भरतें.